परांची एकदा तपासून भागत नाही
मुकादमाने परांची बांधून झाल्यावर एकदा पाहिली की पुरे, हे मत मला मान्य नाही. बंगल्याच्या गिलाव्यासाठी बांबू आणि काथ्याने बांधलेली परांची एका रात्रीच्या पावसानेही बदलते. खांबाखालची माती खचते आणि भिजून आवळलेला काथ्या वाळताना सैल पडतो. ब्रिटनमध्ये २००५च्या नियमांनुसार, जिथून २ मीटर किंवा अधिक खाली पडण्याचा धोका आहे, अशा परांचीची तपासणी वापरापूर्वी आणि नंतर दर ७ दिवसांनी करावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात ती रोज सकाळी व्हावी. माझ्या मते सर्वांत घातक चूक वेगळीच आहे: गिलावा करताना अडतो म्हणून परांचीला भिंतीशी जखडणारा आडवा बांबू सोडला जातो आणि तो पुन्हा बांधायचा राहून जातो. तपासणाऱ्याने आधी तोच पाहावा, मग फळ्यांची टोके आणि कठडा.