सावंतवाडीहून बीएफए : गंजिफा आणि सीईटी, दोन्हीची तयारी एकत्र कशी करू?

लालमाती_१८
नमस्कार. मी सावंतवाडीची, बारावीला आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा ए श्रेणीत झाल्या आहेत. आवड म्हणाल तर आमच्याकडचीच कामं: चितारआळीतली लाकडी फळं, पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवून गोष्ट सांगायची कला) आणि सगळ्यात जास्त गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते. बीएफए (ललित कलेची पदवी) पेंटिंगमध्ये करून परत गावी येऊन दशावतारी गंजिफाचा पूर्ण १२० पत्त्यांचा संच हाताने करायचा आणि पुढे लहान कार्यशाळा चालवायची, असं ठरवलं आहे.

तीन अडचणी आहेत. (१) सुती कापडाचे दोन थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवले, वर खळ आणि व्हायटिंगचे (पांढऱ्या खडूच्या पुडीचे) दोन हात दिले. पत्ता वाळला की बशीसारखा वाकतो आणि गोल कापताना कडेचे पापुद्रे उडतात. (२) सीईटीच्या (प्रवेश परीक्षेच्या) तयारीत वस्तुचित्र, म्हणजे समोर ठेवलेल्या वस्तूचं चित्र, सपाट येतं, सर म्हणतात गंजिफाची सवय दिसते. (३) शाखा आणि कॉलेज कसं ठरवायचं? जाणकारांनी सांगावं.

चपडा_आणि_स्पिरिट
वाकणं आणि पापुद्रा हे दोन वेगळे दोष आहेत, एका उपायाने जाणार नाहीत.

आधी वाकणं. लेप वाळताना आकसतो आणि कापडाला आपल्या बाजूला ओढतो. तू बहुतेक एकाच बाजूला लेप दिला आहेस. पुढे जितके हात, मागेही तितकेच हवेत आणि तेही त्याच दिवशी. पुढचा हात वाळला की उलटवून मागचा द्यायचा. शेवटच्या हातानंतर कापड किंचित ओलसर असतानाच दोन टीपकागदांमध्ये ठेवून वर प्लायवूड आणि वजन. टीपकागद ओले झाले की बदलायचे, नाहीतर ओल आतच राहते आणि बुरशी धरते.

आता पापुद्रा. लेपाची चाचणी सोपी आहे. वाळलेल्या लेपावर कोरडं बोट जोरात फिरव. बोटाला पांढरं लागलं तर खळ कमी. पांढरं लागत नाही, पण उजेडात तिरकं धरल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतात, तर खळ जास्त किंवा थर जाड. दोन्ही ठीक असेल तर कापडाचा तुकडा बांगडीइतक्या गोलाईत वाकवला तरी लेप सुटत नाही.

खळ अशी कर: चिंचोके भाजून तांबडं टरफल काढायचं, आतला पांढरा गर दळायचा. १०० ग्रॅम पीठ आधी थंड पाण्यात कालवायचं. गरम पाण्यात टाकलंस की गुठळ्या होणारच. मग एकूण साधारण १ लिटर पाणी करून मंद आचेवर २०-२५ मिनिटं सतत ढवळत शिजवायचं. दुधाळ रंग जाऊन अर्धपारदर्शक झाली की झाली. सुती फडक्यातून गाळायचीच, एक कणी राहिली तरी घोटताना तिथे चरा पडतो. लागेल तेवढीच कर, कोकणातल्या हवेत दुसऱ्या दिवशी आंबायला लागते. टिकवायला काही जण मोरचूद घालतात. ते विषारी आहे, घरच्या भांड्यात तर मुळीच नको.

लेपासाठी एक वाटी खळीला दोन वाट्या चाळलेलं व्हायटिंग, पातळ दह्याइतकं. एक जाड हात देण्यापेक्षा चार पातळ हात दे. पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा परत आडवा, चौथा उभा. सावलीतच वाळव, उन्हात वरचा पृष्ठभाग आधी आवळतो आणि भेगा पडतात. मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने, आणि शेवटी अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायचं. कापडाखाली काच किंवा गुळगुळीत फरशी घे. घोटून झाल्यावर उजेडाकडे धरलंस की पृष्ठभाग अंड्याच्या टरफलासारखा दिसला पाहिजे, टाइलसारखा चकचकीत नको. फार घोटलेल्या लेपावर रंग धरत नाही.

कापताना रेषेच्या बाहेर दोन मिलिमीटर सोडून काप, उरलेलं पॉलिश पेपरने गोल करून घे. कडेला लगेच पातळ खळीचं बोट फिरव. कात्री बोथट असेल तर लेप कितीही चांगला असो, कड उडणारच.

बाभूळडिंक
रंगाबद्दल थोडं. बाभळीचा डिंक रात्रभर दुप्पट पाण्यात भिजत घालून गाळून घे. रंगपूड काचेवर आधी नुसत्या पाण्याने घोट, मग डिंकाचं पाणी थेंबाथेंबाने मिसळ. डिंक जास्त झाला तर रंग चमकतो आणि तडकतो, कमी झाला तर वरून दुसरा हात मारताना खालचा उठतो. क्रम असा: जमिनीचा सपाट रंग, मग आकृतीचे सपाट रंग, मग दागिने आणि वस्त्रं, काळी रेषा सगळ्यात शेवटी. खारीच्या केसांचे ब्रश कोणी विकायला आणले तरी घेऊ नकोस, ते बेकायदेशीर आहेत. चांगला सिंथेटिक ०० किंवा ००० पुरतो.

पत्त्याच्या पाठीला चपडा (स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख) लावताना एक काळजी. पावसाळी दमट हवेत स्पिरिट उडताना ओल धरते आणि चपडा पांढुरका होतो. जून ते सप्टेंबर कापड आणि लेपाची तयारी कर, चपड्याचं काम दिवाळीनंतर ठेव.

चारकोल_४बी
वस्तुचित्राबद्दल सरांचं निरीक्षण बरोबर आहे. गंजिफात रेषा आकार बंद करते. वस्तुचित्रात आकार सावलीने वळतो आणि कड कधी धारदार असते, कधी हरवते. गंजिफाची सवय मोडायची नाही, फक्त दोन्ही कामं वेगळ्या वेळी आणि वेगळ्या वहीत कर.

स्टीलचा तांब्या समोर ठेवून सुरुवात कर. डोळा तांब्याच्या वर असेल तर तोंडाचा लंबगोल अरुंद दिसतो आणि बुडाचा जास्त गोल. बहुतेक विद्यार्थी नेमकं उलटं करतात: तांब्या टेबलावर टेकलाय म्हणून बुडाला जवळजवळ सरळ रेघ मारतात आणि तांब्या हवेत तरंगायला लागतो. दोन्ही लंबगोल पूर्ण काढ, मागची न दिसणारी बाजूसुद्धा, आणि मधला अक्ष उभा आहे का ते पेन्सिल लोंबती धरून तपास. मग एकाच दिव्याचा उजेड घेऊन फक्त तीन छटा: उजेड, मधली, अंधार. चकाकी शेवटी. तांब्याखालची पडछाया जिथे बुडाला टेकते तिथे सगळ्यात गडद असते. ती जागा जमली की वस्तू बसते.

स्मरणचित्रात (आठवणीतून काढायच्या प्रसंगचित्रात) माणसं लहान काढून कागद रिकामा सोडणं ही नेहमीची चूक. क्षितिजरेषा आधी मार. सपाट जमिनीवर, उभ्या माणसाच्या नजरेतून पाहत असशील तर जवळच्या आणि लांबच्या सारख्या उंचीच्या उभ्या माणसांची डोकी त्याच रेषेवर येतात, बदलतात ते पाय. आठवडी बाजाराचं दृश्य याच एका नियमावर उभं राहतं. बसलेले विक्रेते रेषेच्या खाली.

सरावाला पाव इम्पिरियल, म्हणजे ११ × १५ इंचांचा कार्ट्रिज कागद घे. रोज एक वस्तुचित्र घड्याळ लावून. संकल्पचित्रात (नक्षीच्या रचनेत) मात्र तुझी सपाट रंगाची सवय कामाला येईल. वर्तुळात आकृती बसवणं ज्याला येतं त्याला जागेची विभागणी वेगळी शिकवावी लागत नाही.

लालमाती_१८
खूप आभार. लेप खरंच एकाच बाजूला दिला होता. तांब्याचं आजपासूनच सुरू करते. शाखा आणि पुढचं कोणी सांगेल का?

मळ्याचीवाट
शाखेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पेंटिंगच घे. उपयोजित कलेत अक्षररचना आणि जाहिरात शिकशील, तेही चांगलं आहे, पण तुला मनुष्याकृती आणि रंगसाहित्याचं ज्ञान हवंय. मुंबईचं सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ चं आहे. ते २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठ झालं, त्यामुळे त्याची प्रवेशसूचना वेगळी पाहत जा, फक्त राज्याच्या सीईटीच्या भरवशावर राहू नकोस. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय कला महाविद्यालयं आहेत. पणजीचं गोवा कला महाविद्यालय तुला घरापासून सगळ्यात जवळ, पण गोव्याबाहेरच्यांना किती जागा आहेत ते अर्जाआधी त्या वर्षीच्या पुस्तिकेत वाच. बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेची परीक्षा स्वतंत्र असते. अधिवास दाखला आणि लागू असेल तर जातपडताळणी आत्ताच करून ठेव. निकालानंतर दाखल्यांच्या रांगेत चांगल्या जागा हातच्या जातात.

संचाचा हिशेब आत्ताच मांड. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते: एक ते दहा, वर राजा आणि प्रधान. सरासरी ४० मिनिटं एका पत्त्याला धरली तरी १२० पत्त्यांचे ८० तास, आणि यात कापडाची तयारी आणि चपडा धरलेला नाही. तासाला १५० रुपये मजुरी धर, नुसत्या रंगकामाचे १२,००० होतात. म्हणून पहिला संच एकदम करू नकोस. वीस मोठे पत्ते, म्हणजे दहा राजे आणि दहा प्रधान, आधी कर. त्यात सगळ्या आकृत्या येतात आणि प्रवेशाच्या वेळी दाखवायला भरीव काम तयार राहतं. बाकीच्या शंभरात मासा, कासव, परशू अशी चिन्हंच मोजून काढायची आहेत. ती एकसारखी यायला हवीत म्हणून ट्रेसिंग कागदावर खाका करून घे.

आणखी एक. सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण गावची आहेस म्हणून ते चिन्ह आपोआप वापरता येत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. विक्री सुरू करण्याआधी ते काम उरक. शाळेत कलाशिक्षक होऊन जोडीला कार्यशाळा चालवायची असेल तर एटीडीचा (कलाशिक्षक पदविकेचा) दोन वर्षांचा मार्गही डोळ्यासमोर ठेव.

चपडा_आणि_स्पिरिट
वीस पत्त्यांची सूचना चांगली आहे. कापड मात्र तीस पत्त्यांचं तयार कर, एकाच घाण्यातल्या खळीचं. पाच-सहा पत्ते रंगात बिघडतातच, आणि नंतर केलेल्या लेपाचा पांढरा आधीच्याशी जुळत नाही.