वडिलांच्या फ्लॅटवर नॉमिनी म्हणून माझे नाव आहे. तो मी एकट्याने विकू शकतो का?

प्रश्न

नमस्कार. माझ्या वडिलांचे गेल्या वर्षी मृत्युपत्र न करता निधन झाले. ठाण्यातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत त्यांनी 1994 साली स्वतःच्या कमाईतून घेतलेला फ्लॅट केवळ त्यांच्याच नावावर होता आणि संस्थेकडे नॉमिनी म्हणून माझे एकट्याचे नाव नोंदवलेले होते. मृत्यूचा दाखला दिल्यावर संस्थेने भाग दाखल्याच्या (शेअर सर्टिफिकेटच्या) मागील रकान्यात वडिलांच्या नावाखाली माझे नाव लिहून, अध्यक्ष व सचिवांच्या सह्या आणि शिक्क्यासह तो मला परत दिला. आई माझ्याकडे राहते, बहीण विवाहित आहे. थोरला भाऊ वडिलांच्या दोन वर्षे आधी वारला. वहिनी आणि अकरा वर्षांचा पुतण्या वेगळे राहतात.

आता फ्लॅटला गिऱ्हाईक आले आहे आणि ते विसार देण्यासही तयार आहेत, परंतु त्यांची बँक सर्व वारसांची नोंदणीकृत हक्कसोडपत्रे मागते. दाखल्यावर माझे नाव असताना ती कशाला लागतात? बहिणीला काहीही नको आहे आणि तिने तसे 500 रुपयांच्या मुद्रांकावर लिहून, नोटरी करून दिलेही आहे. तेवढे पुरणार नाही का? पुतण्याच्या वतीने वहिनीने सही केली तर चालेल का?

पहिले उत्तर

मी दिवाणी बाजूची वकिली करतो आणि हा प्रश्न घेऊन येणारी कुटुंबे वारंवार भेटतात, म्हणून सविस्तर लिहितो. नॉमिनी हा मालक नसतो. वारस ठरेपर्यंत मालमत्ता त्यांच्यासाठी सांभाळणे एवढेच त्याचे काम असते. विम्याच्या रकमेबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे 1983 सालीच सांगितले आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर 2023 मध्ये तोच निष्कर्ष दिला. गृहनिर्माण संस्थांविषयीच्या 2016 च्या निकालाचा अनेक जण चुकीचा अर्थ लावतात. नॉमिनीच्या नावे नोंद करणे संस्थेवर बंधनकारक आहे, असे तो निकाल सांगतो, पण मालकीचा दावा मांडण्याची वारसांची वाट तो बंद करत नाही. महाराष्ट्रात तर 2019 साली सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी जे प्रकरण घातले गेले, त्यातील कलम 154ब-13 नुसार खरे वारस नोंदले जाईपर्यंत नॉमिनीला केवळ तात्पुरता सदस्य म्हणून घेतले जाते.

तुम्हाला हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 लागू होतो असे धरून चालतो. वडिलांची मालमत्ता स्वकष्टार्जित होती आणि मृत्युपत्र नव्हते, तेव्हा तिचे चार समान भाग होतात: आई, तुम्ही, बहीण आणि मयत भावाची शाखा. भावाच्या शाखेचा चौथा हिस्सा वहिनी आणि पुतण्या यांच्यात निम्मा निम्मा, म्हणजे प्रत्येकी एक अष्टमांश होतो. मृत्यूचा क्रम येथे फार महत्त्वाचा आहे, म्हणून दोघांच्या मृत्यूच्या दाखल्यांवरील तारखा एकदा नीट पाहून घ्या. भाऊ वडिलांच्या नंतर वारला असता तर त्याच्या हिश्शात तुमच्या आईचाही वाटा आला असता आणि सगळे गणित बदलले असते. बहिणीच्या लग्नाने तिच्या हक्कात काहीही फरक पडत नाही.

नोटरीच्या कागदाबद्दल: स्थावर मालमत्तेतील हक्क सोडायचा असेल तर नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 17 नुसार दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवावाच लागतो, आणि न नोंदवलेल्या दस्ताने तो हक्क सुटत नाही. नोटरी फक्त सही कोणी केली याची साक्ष देते. शिवाय बहिणीला आपला हिस्सा आईला द्यायचा आहे की तुम्हाला, हे दस्तात नेमके लिहा आणि ते आधी तिलाच विचारा. "मला काही नको" असे म्हणणाऱ्या बहिणीच्या मनात पुष्कळदा "आईला मिळो" असे असते.

पुतण्याच्या बाबतीत मात्र अजिबात घाई करू नका. तो अज्ञान, म्हणजे कायद्याने अठरा वर्षांखालील, आहे. आई ही त्याची नैसर्गिक पालक असली तरी त्याची स्थावर मालमत्ता विकण्यासाठी हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 8 नुसार न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. ती न घेता व्यवहार झाला तर मुलगा सज्ञान झाल्यानंतर तीन वर्षांपर्यंत तो रद्द करून मागू शकतो. म्हणजे आजपासून दहा वर्षे ही टांगती तलवार खरेदीदारावर राहील, आणि बँकेला नेमकी तीच भीती आहे.

दुसरे उत्तर

मी आमच्या संस्थेचे सचिवपद अनेक वर्षे सांभाळले आहे. भाग दाखल्यावरील नोंद संस्थेपुरती असते: देखभालीचे बिल कोणाच्या नावे काढायचे, सभेची सूचना कोणाला द्यायची, यासाठी. तिच्यावर विसंबून खरेदीखत करू नये. वारसांच्या नावे हस्तांतर करताना संस्थेने अधिमूल्य (हस्तांतराचे प्रीमियम) मागितले तर देऊ नका, कारण कुटुंबातील हस्तांतराला ते लागू होत नाही; पुढे बाहेरच्या खरेदीदाराच्या वेळी मात्र महापालिका क्षेत्रात ते कमाल 25,000 रुपयांपर्यंत घेता येते.

तिसरे उत्तर

आमच्या घरात जे घडले ते सांगते, कारण ते टाळता आले असते. वडिलांच्या घरासाठी मोठ्या आत्यांनी हक्क सोडत असल्याचा कागद नोटरीकडे करून दिला होता. त्यावरचा लाल शिक्का आणि आत्यांची थरथरती सही आजही माझ्यासमोर आहे. नोंदणीला जायचे म्हणून दोनदा दिवस ठरला आणि दोन्ही वेळा पुढे ढकलला, कारण त्यांना जिने चढवत नव्हते. तिसरा दिवस ठरण्याआधीच त्या गेल्या. त्यांचा हिस्सा त्यांच्या तिन्ही मुलांकडे गेला, आणि त्यांपैकी एकाने, हक्कच होता त्याचा, सही करण्यास नकार दिला. तुमच्या आई वयस्कर असतील तर त्यांचे काम आधी हाती घ्या. प्रकृतीमुळे कार्यालयात जाणे शक्य नसेल तर दुय्यम निबंधकांना घरी येऊन दस्त नोंदवून घेण्यासाठी अर्ज करता येतो, हे आम्हाला फार उशिरा कळले.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. बहिणीशी काल बोललो. तिला खरोखरच हिस्सा आईला द्यायचा आहे. वहिनींना अजून विचारले नव्हते, ही चूक माझी आहे आणि ती मी त्यांच्याकडे मान्य केली. मग हक्कसोडपत्रे न करता सगळ्यांनी मिळून थेट विक्री केली तर? आणि विसार आत्ता घ्यावा का?

पहिले उत्तर देणारे

होय, आणि तुमच्या बाबतीत मला तोच मार्ग अधिक सरळ वाटतो. आई, तुम्ही, बहीण, वहिनी आणि न्यायालयाच्या परवानगीने पुतण्यातर्फे वहिनी, असे सर्व जण विकणारे म्हणून खरेदीखतावर येतील. बहीण आपल्या वाट्याची रक्कम नंतर आईला देऊ शकते. भांडवली नफ्याचा कर प्रत्येकाला आपापल्या हिश्शावर भरावा लागेल आणि धारणेचा, म्हणजे फ्लॅट मालकीत असल्याचा, कालावधी वडिलांनी फ्लॅट घेतल्यापासून मोजला जाईल. परवानगी देताना न्यायालय अनेकदा मुलाची रक्कम तो सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवण्याची अट घालते. अर्जातच तशी तयारी दाखवा.

विसार मात्र परवानगीचा आदेश हाती येईपर्यंत घेऊ नका. पावतीवर तुमची एकट्याची सही असेल आणि परवानगी लांबली, तर वचन मोडल्याचा दावा तुमच्यावरच येईल. खरेदीदारांना सगळी हकीकत लेखी कळवा. थांबण्याची इच्छा असेल तर ते थांबतील.