मदत हवी आहे: 'हवामान आधीपासूनच बदलत आलंय' या मुद्द्यावर अडलोय

मंडळी, जरा घाई आहे. रविवारी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत हवामानबदलावर जाहीर वाद ठेवलाय. 'माणसामुळे' म्हणणारा मी, 'निसर्गामुळे' म्हणणारे शेजारचे काका. काका भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, म्हणजे व्हॉट्सॲप वाचून बोलणाऱ्यांतले नव्हेत. वेताळ टेकडीवर खाणीपाशी थांबतात, कातळावर काठी टेकवून त्यातले पांढरे ठिपके दाखवतात आणि विचारतात, "साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा ओतला गेला, तेव्हा स्कूटर कोण चालवत होतं?"

याला उत्तर आहे माझ्याकडे. ते उद्रेक लाखो वर्षं चालले होते. आज जगातले सगळे ज्वालामुखी मिळून जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो आपल्या कोळसा-तेलाच्या धुराच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही भरत नाही. सूर्याचंही बघून ठेवलंय: १९७८ पासून उपग्रह मोजताहेत, तेज काही वाढलेलं नाही. शिवाय सूर्यामुळे तापलं असतं तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. ते तर थंड होताहेत.

घोडं अडलंय ते बर्फापाशी. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेवरून ८ लाख वर्षांचा हिशेब लागतो. हिमयुग संपताना तिथे आधी तापमान चढलेलं दिसतं, कार्बन डायऑक्साइड मागाहून. काका म्हणतात, "परिणाम आधी आणि कारण नंतर?" काय सांगू?

(पुण्याच्या उकाड्यावर कृपया नको. त्यात सिमेंटच्या जंगलाचा हात आहे, हे मलाही मान्य.)

प्रतिसाद १
काकांचं निरीक्षण खरं आहे, ते खोडायला जाऊ नका. हिमयुग संपायला सुरुवात करून दिली पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि कलण्यातल्या बदलांनी. समुद्र तापला, त्यातला वायू बाहेर पडला आणि त्या वायूने तापमान आणखी चढवलं. म्हणजे तेव्हा तो परिणामही होता आणि कारणही. आता त्यांना उलट विचारा: आजचा वायूही समुद्रातूनच येत असेल, तर समुद्रातला कार्बन कमी व्हायला हवा ना? तो वाढतोय, पाण्याची आम्लता वाढतेय. दुसरं म्हणजे हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१३ चं (कार्बनचाच थोडा जड प्रकार, म्हणजे समस्थानिक) प्रमाण घटतंय. कोळसा-तेल मुळात वनस्पती आणि शेवाळापासून बनलेलं, त्यात ते कमीच असतं.

प्रतिसाद २
आकडेही जवळ ठेवा. त्या ८ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत ३०० च्या आसपासच अडला. कारखानदारीच्या आधी २८० होता, आता ४२० च्या पुढे.

धागाकर्ता
समुद्राचा मुद्दा झकास! आता कार्बन-१३ तेवढं सोपं करून द्या कुणीतरी. पहिल्या रांगेत सगळे सत्तरीपुढचे, 'समस्थानिक' म्हटलं की चहाची चौकशी सुरू होईल.