विधानसभेच्या निवडणुकीत पुन्हा पुन्हा पराभूत झालेल्या उमेदवाराच्या प्रचाराचे मूल्यमापन कसे करावे?

पाणलोट :
आमच्या तालुक्यातील एक ज्येष्ठ कार्यकर्ते २०१९ आणि २०२४ अशा दोन्ही विधानसभा निवडणुकांत अपक्ष उभे राहिले आणि दोन्ही वेळा पराभूत झाले. पाणीवाटपाच्या लढ्यात त्यांनी उमेदीची वर्षे घातली आहेत, गावोगावी त्यांच्याविषयी आदर आहे, आणि तरीही दोन्ही वेळा त्यांची अनामत जप्त झाली. दुसऱ्या खेपेस मते वाढली. काही सहकारी त्यांना आता थांबण्याचा सल्ला देतात, तर काहींना त्यांनी एखाद्या पक्षाचे तिकीट घ्यावे असे वाटते. हा निर्णय भावनेच्या भरात होऊ नये, यासाठी झालेल्या पराभवांतून नेमके काय तपासावे?

उत्तररात्र :
अनामतीचा विचार प्रथम बाजूला ठेवावा. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली तरच दहा हजारांची रक्कम परत मिळते (अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ती पाच हजार असते), आणि दोन आघाड्यांच्या जोडीला एखादा वजनदार बंडखोर रिंगणात असेल, तर उरलेल्या जवळजवळ सर्वांची अनामत जाते. त्यावरून उमेदवाराच्या कामाविषयी काहीच सिद्ध होत नाही.

खरे वाचन ‘नमुना २०’ मध्ये आहे. मतदान केंद्रनिहाय मतांचा हा तक्ता राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर उपलब्ध असतो. २०१९ आणि २०२४ चे तक्ते शेजारी ठेवा, मात्र केंद्रांचे क्रमांक दोन निवडणुकांच्या दरम्यान बदलतात, त्यामुळे तुलना गावाच्या आणि यादीभागाच्या नावाने करा. वाढलेली मते जुन्याच गावांत दाट झाली, की जिथे पूर्वी कोणी ओळखत नव्हते तिथे नव्याने उगवली, हे यातून कळेल. माझ्या मते सर्वांत मोलाची माहिती पाण्याच्या लढ्यात सहभागी असलेल्या गावांतच मिळेल. तिथेही मते कमी असतील, तर लोकांना त्यांचे काम हवे आहे, पण आमदार म्हणून ते निवडून येतील असा विश्वास वाटत नाही, असा त्याचा अर्थ निघतो. हा अविश्वास केवळ अधिक सभा घेऊन दूर होत नाही. त्यासाठी प्रत्येक गावात बूथ सांभाळणारी, मतदारयादी पाठ असलेली माणसे लागतात.

चावडीवाचन :
वरील मताशी सहमत आहे, परंतु अपक्षाची एक अडचण वेगळी मांडली पाहिजे. त्याला चिन्ह अर्ज माघारीची मुदत संपल्यानंतर मिळते. २०२४ मध्ये ही मुदत ४ नोव्हेंबरला संपली, मतदान २० नोव्हेंबरला झाले आणि जाहीर प्रचार १८ तारखेला थांबला, म्हणजे वाड्यावस्त्यांपर्यंत चिन्ह पोहोचवण्यासाठी जेमतेम दोन आठवडे मिळाले. मागच्या वेळचे चिन्ह पुढच्या वेळी मिळेलच असे नाही. मतदान यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे, मग नोंदणीकृत पक्षांचे आणि शेवटी अपक्षांचे उमेदवार येतात, त्यामुळे उमेदवार जास्त असतील तर अपक्षाचे नाव शोधावे लागते. तिकिटाचा विचार करणे म्हणजे तत्त्व सोडणे, असे मी म्हणणार नाही.

आदर आणि मत यांतील अंतर मणिपूरने फार कठोरपणे दाखवले आहे. इरोम शर्मिला यांनी सशस्त्र दलांच्या विशेषाधिकार कायद्याविरुद्ध जवळपास सोळा वर्षे उपोषण केले, आणि २०१७ मध्ये थौबलमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री ओक्राम इबोबी सिंग यांच्याविरुद्ध त्यांना केवळ ९० मते मिळाली. त्या निकालाचे मला आजही दुःख वाटते.

गावकुस :
पराभवानंतर टिकून राहण्याचे उदाहरण कर्नाटकात आहे. २००४ मध्ये संतेमरहळ्ळी मतदारसंघात ए. आर. कृष्णमूर्ती यांना ४०,७५१ मते पडली आणि आर. ध्रुवनारायण ४०,७५२ मते मिळवून, म्हणजे अवघ्या एका मताने, विजयी झाले. पुढे पुनर्रचनेत तो मतदारसंघच राहिला नाही. २०१८ मध्ये कोळ्ळेगाल येथे काँग्रेसतर्फे लढताना कृष्णमूर्ती बसपाच्या एन. महेश यांच्याकडून हरले, आणि २०२३ मध्ये त्याच ठिकाणी, तोवर भाजपमध्ये गेलेल्या महेश यांचा त्यांनी मोठ्या फरकाने पराभव केला. महेश स्वतःही २०१८ च्या विजयापूर्वी २०१३ मध्ये तिथेच हरले होते. दोघांनीही पराभवानंतर तो मतदारसंघ सोडला नाही. अर्थात दोघांच्याही पाठीशी पक्ष होता, हे नाकारता येत नाही.

पाणलोट :
आभारी आहे. नमुना २० दोन्ही वर्षांचा मिळवतो. पुन्हा उभे राहायचे ठरले, तर आधीच्या निवडणुकांतील एखादी कागदोपत्री त्रुटी आडवी येऊ शकते का?

उत्तररात्र :
येऊ शकते, आणि ती बहुधा खर्चाच्या हिशेबाची असते. निकालानंतर ३० दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराने, तो हरलेला असला तरी, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे हिशेब सादर करावा लागतो. पराभवाच्या खिन्नतेत हे काम अनेकांकडून राहून जाते. पुरेशा कारणाशिवाय हिशेब दिला नाही, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. २०२४ च्या हिशेबाची पोच त्यांच्याकडे आहे का, हे तक्ते पाहण्याआधी विचारून घ्या. पोच सापडत नसेल, तर जिल्हा निवडणूक कार्यालयात लेखी अर्ज देऊन नोंदीची खात्री करून घ्या.