इंडी गेमला लिनक्स बिल्ड हवीच का, की प्रोटॉन पुरे?

टर्मिनलकर
प्रोटॉनला नावं ठेवायला धागा काढलेला नाही हे आधीच सांगतो. ऑगस्ट २०१८ ला व्हॉल्व्हने वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) आणि डीएक्सव्हीके (विंडोजचे ग्राफिक्स लिनक्सला समजतील असे करणारं) वगैरे एकत्र बांधून प्रोटॉन आपल्या स्टीम या गेमच्या दुकानात घातलं, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवायची सोय झाली, २०२२ ला स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा लिनक्सवाला कॉम्प्युटर आला, आणि ज्या गेमसाठी आधी रात्र रात्र वाइनच्या सेटिंग्जशी झटापट चालायची ते आता प्ले दाबलं की सुरू होतात. मान्य, शंभर टक्के मान्य. पण त्यामुळे हल्ली इंडी (छोट्या, स्वतंत्र) डेव्हलपरकडून सारखं एकच ऐकू येतंय, लिनक्स बिल्ड (खास लिनक्ससाठी बनवलेली गेमची फाइल) कशाला, प्रोटॉनवर चालतंय की. मला हे मनापासून खटकतं, कारण मग लिनक्सवाल्याने गेम घ्यायचा तर स्टीमवरूनच घ्यायचा असं होऊन बसतं.

लिनक्सवर इंडी गेम विकायला सुरुवात काही स्टीमने केलेली नाही. पहिलं हंबल इंडी बंडल (एकत्र विकलेला गेमचा संच) मे २०१० चं. वर्ल्ड ऑफ गू, अ‍ॅक्वेरिया, गिश, लुगारू, पेनम्ब्रा, किंमत द्याल ती, डीआरएम (कॉपी अडवणारं कुलूप) नाही, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीकडे चालणार. आणि सरासरी सगळ्यात जास्त पैसे मोजले ते लिनक्सवाल्यांनी! स्टीमचा लिनक्स क्लायंट रीतसर आला फेब्रुवारी २०१३ ला, म्हणजे पावणेतीन वर्षांनी. डेसुरा हे गेमचं दुकान तर २०११ लाच लिनक्सवर होतं, पण २०१५ मध्ये त्याची मालक कंपनी दिवाळखोरीत गेली आणि डेव्हलपरचे पैसे अडकले. ज्यांनी डीआरएम नसलेली फाइल उतरवून ठेवली होती त्यांचा गेम मात्र त्यांच्याकडेच राहिला. म्हणून म्हणतो, लिनक्स बिल्ड द्या आणि ती आयटीच किंवा जीओजी या दुकानांवर पण ठेवा.

नुसतं_प्रोटॉन
भावा, इतिहास बरोबर आहे पण तेव्हाच्या त्या बिल्ड आज चालवून बघ की. ३२ बिटच्या लायब्ररी (जुन्या प्रोग्रॅमना लागणारा तयार कोड) नाहीत, कुठे जुनी लिबपीएनजी ही चित्रांची लायब्ररी मागतो, कुठे आवाजच येत नाही, आणि त्याच गेमची विंडोजची फाइल प्रोटॉनमध्ये टाकली की पहिल्या झटक्यात सुरू. २०१९ ला उबुंटूने ३२ बिट पॅकेजेस काढायची घोषणा केली तेव्हा किती बोंबाबोंब झाली, शेवटी त्यांना माघार घ्यावी लागली. लिनक्सवर सगळ्यात टिकाऊ काय असेल तर ते विंडोजचं एपीआय (प्रोग्रॅमने सिस्टीमशी बोलायची ठरलेली पद्धत) आहे, कटू आहे पण खरं आहे.

दुसरं म्हणजे लिनक्स पोर्ट (गेमचं लिनक्ससाठी केलेलं रूपांतर) बऱ्याचदा बाहेरच्या माणसाकडून एकदाच करून घेतलेला असतो, मग विंडोजला पॅच येत राहतात आणि आपण मागच्याच आवृत्तीवर. आणि प्रोटॉन म्हणजे फक्त स्टीम हे कुठून काढलंस? ते ओपन सोर्स आहे. हिरोइक किंवा लुट्रिस या लाँचरमधून जीओजीचा गेम घे, उमू लाँचरमुळे तेच प्रोटॉन स्टीमशिवाय चालतं.

रात्रपाळी_डेव्ह
मी एकटाच गेम बनवतो, गोडो हे गेम इंजिन वापरतो, आणि एक्स्पोर्टच्या खिडकीत लिनक्स निवडायला काहीही कष्ट नाहीत. कष्ट आहेत ते नंतरच्या सपोर्टचे. कुणाचं वेलँड, कुणाचं एक्स११ (लिनक्सवर स्क्रीन दाखवायच्या दोन पद्धती), कुणाचा ड्रायव्हर जुना, सगळं माझ्या इनबॉक्समध्ये. तरीही मी लिनक्स बिल्ड देतो, आणि त्याचं कारण डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न हा गेम. २०२१ मध्ये त्याच्या डेव्हलपरने आकडे सांगितले होते, लिनक्सवर विक्री जेमतेम ५.८ टक्के पण बग रिपोर्ट ३८ टक्के. लोक एवढंच वाचून म्हणतात बघा किती डोकेदुखी. पुढचं कुणी वाचत नाही. त्या साधारण ४०० रिपोर्टपैकी फक्त ३ बग खास लिनक्सचे होते, बाकी सगळे सगळ्याच खेळाडूंना नडणारे, फक्त लिनक्सवाल्यांनी लॉग जोडून आणि बग पुन्हा कसा आणायचा ते पायऱ्यांनी लिहून पाठवले होते. असे टेस्टर पैसे देऊन मिळत नाहीत हो.

नुसतं_प्रोटॉन
मग ते लोक प्रोटॉनवर खेळून पण तेवढेच चांगले रिपोर्ट देतील की! त्यासाठी वेगळी बिल्ड कशाला?

रात्रपाळी_डेव्ह
प्रोटॉनवर क्रॅश झाला की चूक माझी, प्रोटॉनची की डीएक्सव्हीकेची हे शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते. माझ्याच बिल्डचा स्टॅकट्रेस (क्रॅश कोडमध्ये कुठे झाला त्याची नोंद) आला तर ओळ नंबरासकट दिसतं.

मिरजेची_गेमर
दोघांचंही तत्त्व राहू दे बाजूला, पैसे कसे द्यायचे ते बोला. स्टीमवर रुपयात किंमत दिसते आणि यूपीआय चालतं. आयटीचवर बहुतेक किंमती डॉलरमध्ये आणि पेपाल नाहीतर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालणारं कार्ड लागतं, कॉलेजच्या पोरापोरींकडे ते कुठून असणार? मला आयटीच आवडतं, तिथे डेव्हलपर स्वतः ठरवतो साइटला किती टक्के द्यायचे, ठरवलं नाही तर १० टक्के, आणि स्टीम बहुतेकांकडून ३० घेतं. पण सेलमध्ये दीडशे रुपयात गेम मिळत असेल तर मी तो स्टीमवरच घेणार.

अजून एक, जे कुणी सांगत नाही. चालू गेम लिनक्स बिल्डवरून प्रोटॉनवर बदलला की सेव्ह गायब होतो. तो गायब नसतो, लिनक्सची सेव्ह होम फोल्डरमध्ये कुठेतरी आणि प्रोटॉनची त्या गेमच्या कॉम्पटडेटा फोल्डरात, आत खोटा सी ड्राइव्ह असतो तिथे. बऱ्याच गेमला क्लाउडमध्ये दोन्ही जोडलेलेच नसतात. डेव्हलपर लोकांनो, निदान एवढं तरी नीट करा.

टर्मिनलकर
@मिरजेची_गेमर पैशाचा मुद्दा पटला, त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आयटीचने यूपीआय घेतलंच पाहिजे. पण स्टीमवर विकतानाही डीआरएम लावायची सक्ती नाहीये, बरेच इंडी गेम फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवला तरी चालतात. तेवढं डेव्हलपरच्या हातात आहे.

@नुसतं_प्रोटॉन जुन्या बिल्ड चालत नाहीत म्हणतोस, पण त्या वाचवायची सोय लिनक्समध्येच आहे. एसडीएल २ (बरेच गेम वापरतात ती लायब्ररी) मध्ये असा मार्ग ठेवलाय की गेममध्ये आतच बांधून दिलेल्या जुन्या प्रतीऐवजी तुमच्याकडची नवी जोडता येते, एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवर (गेम सुरू करताना द्यायची सेटिंग) काम होतं. एसडीएल १.२ वाल्यांसाठी वेगळी कॉम्पॅट लायब्ररी आहे. आणि स्टीमचं लिनक्स रनटाइम तर ठरलेल्या जुन्या लायब्ररींचा कंटेनरच देतं. हंबलच्या त्या पहिल्या बंडलमधल्या अ‍ॅक्वेरिया, गिश, लुगारू आणि पेनम्ब्राचा कोड विक्री दहा लाख डॉलरच्या पुढे गेल्यावर खुला केला गेला, म्हणून ते आजही कंपाइल करता येतात. प्रोटॉनवर विसंबून बिल्ड दिलीच नाही तर यातलं काहीच करता येणार नाही.

नुसतं_प्रोटॉन
एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तू टाकशील, मी टाकीन. नुकताच विंडोज सोडून आलेला माणूस टाकणार नाही, तो रिफंड मागेल. बिल्ड द्या, माझी हरकत नाही, पण जी दिलीत ती विंडोजच्याच दिवशी अपडेट होत नसेल तर कृपया काढून टाका.

रात्रपाळी_डेव्ह
हे मात्र +१. आयटीचच्या बटलर या अपलोड टूलने फक्त बदललेला भागच अपलोड होतो, तिन्ही बिल्ड एका स्क्रिप्टमधून एकाच वेळी चढवता येतात. ज्याला ती स्क्रिप्ट हवी त्याने व्यनि करा.