लाभार्थी यादी ठरवणाऱ्या संगणक प्रणालीचा अभ्यास कोड न मिळता करता येतो का?

प्रश्न: विद्यार्थिनी, राजारामपुरी

नमस्कार. मी लोकप्रशासन विषयात एम.ए.चा शोधप्रबंध लिहीत आहे. सरकारी योजनांचे लाभार्थी ठरवताना वेगवेगळ्या विभागांकडील माहिती एकमेकींशी कशी ताडून पाहिली जाते, हा माझा विषय आहे. तो मला घरातच सुचला. माझ्या आत्या गुऱ्हाळावर राबतात आणि बोटांच्या रेषा झिजल्यामुळे रेशन दुकानातील ई-पॉस यंत्र त्यांचा अंगठा ओळखत नाही; पदराला पुसून, ओला करून, पुन्हा पुन्हा टेकवूनही त्या रिकामी पिशवी घेऊन घरी आलेल्या मी पाहिल्या आहेत. मार्गदर्शकांचे म्हणणे असे की, प्रणालीचा सोर्स कोड, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांचा मूळ मजकूर, हाती आल्याखेरीज निष्कर्ष काढता येणार नाहीत. तो मला मिळेल असे वाटत नाही. मग सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: निवृत्त तलाठी, कागल तालुका

ताई, आधी नोंद कशी तयार होते ते पाहा. आपल्या भागात सातबाऱ्यावर ‘बाळासो’, आधारवर ‘बाळासाहेब’ आणि बँकेच्या पासबुकात ‘बाळू’ अशी एकाच माणसाची तीन नावे सर्रास सापडतात. बायकांच्या बाबतीत तर माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर असते. पूर्वी गावचा कोतवाल माणसाला तोंडावरून ओळखत असे, त्यामुळे असा फरक कुणाच्या आड येत नसे. संगणकाला मात्र किती अक्षरे जुळली म्हणजे माणूस तोच समजायचा, हे कुणीतरी सांगून ठेवावे लागते, आणि त्या एका आकड्यावर कुणाला लाभ मिळणार ते ठरते. एका कर्जमाफीच्या वेळी एक आजोबा केवळ या ‘सो’पायी माझ्या टेबलापाशी चार वेळा आले होते. नाव दुरुस्त करण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता, आणि तो कुणाकडे आहे हेही मी त्यांना सांगू शकलो नाही. ते मला आजही लागून राहिले आहे. दुरुस्ती कोण करू शकतो, हा प्रश्न आपल्या प्रबंधात अवश्य घ्यावा.

उत्तर २: संख्याशास्त्राचे अध्यापक

आपल्या मार्गदर्शकांचा आदर राखून मी असहमती नोंदवतो. नेदरलँड्समध्ये सामाजिक लाभांतील गैरप्रकार हुडकण्यासाठी ‘सिरी’ नावाची प्रणाली होती. तिच्यातील जोखीम ठरवण्याचे निकष सरकारने उघड केले नाहीत, आणि ५ फेब्रुवारी २०२० रोजी हेगच्या जिल्हा न्यायालयाने तिच्यामागचा कायदा रद्दबातल ठरवताना पुरेशी पारदर्शकता नसणे हेच एक प्रमुख कारण दिले. कोड न मिळणे हीसुद्धा नोंदवण्याजोगी वस्तुस्थिती आहे.

ऑस्ट्रेलियातील ‘रोबोडेट’ या जादा दिलेल्या लाभांच्या वसुली योजनेचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटेल. तेथे वर्षाचे उत्पन्न २६ पंधरवड्यांत सारखे वाटून, लाभार्थ्याने प्रत्येक पंधरवड्यात तेवढे कमावले असे धरले जाई. त्यामुळे वर्षातले काही महिनेच काम मिळालेल्यांवर नसलेली देणी लादली गेली. ही चूक उघड व्हायला कोड लागला नाही, भागाकार पुरेसा होता. गळीत हंगामात कमावणाऱ्या आणि पावसाळ्यात घरी बसणाऱ्या मजुराच्या उत्पन्नाला हीच सरासरी लावून पाहा, म्हणजे प्रश्न लगेच समजेल.

एक तुलना सुचवतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी, हा नियम कोल्हापुरात लहान मुलालाही पाठ आहे आणि बंधाऱ्यावर जाऊन कुणीही तो पडताळू शकतो. यादीतून नाव गेलेल्या माणसाला असा पडताळा घेता येतो का, हे आपण मोजावे. वगळलेल्यांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून निवडा आणि प्रत्यक्ष भेटा. तेलंगणात रद्द झालेल्या रेशन कार्डांची प्रत्यक्ष पडताळणी करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला होता, तो या दृष्टीने जरूर वाचावा.

उत्तर ३: माहिती अधिकार अभ्यासक, इचलकरंजी

माहिती अधिकाराच्या अर्जात ‘का’ असे विचारू नका, कागद मागा: निविदेतील कामाची व्याप्ती, कार्यादेश, वापरकर्ता पुस्तिका, निकषांबाबतची परिपत्रके. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. कोड मागितल्यास व्यापारी गुपित म्हणून नकार येण्याची शक्यता असते, परंतु निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळवणे ही कायद्याच्या कलम ४ नुसार प्राधिकरणाची जबाबदारीच आहे. नावे मागू नयेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ती वाट अरुंद केली आहे. गावनिहाय आणि कारणनिहाय संख्या मागाव्यात.

विद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. करवीर तालुक्यातील रेशन कार्डांपुरता विषय मर्यादित करते. आत्यांचा अनुभव नमुन्यात घेतला तर चालेल का?

संख्याशास्त्राचे अध्यापक

नमुन्यात नको, कारण त्यांची निवड चिठ्ठीने झालेली नाही. त्यांची संमती घेऊन प्रस्तावनेत लिहा, आणि ई-पॉस यंत्राने अंगठा नाकारल्यावर दुकानदाराने पुढे काय केले, तेही त्यांना विचारून त्यात नोंदवा.