इमारत कोसळल्यानंतर विखुरलेल्या शेजाऱ्यांना मानसिक आधार देण्याची सुरुवात कशी करावी?

वागळेकर_सचिव

नमस्कार. मी ठाण्यात वागळे इस्टेट भागात राहतो आणि आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव म्हणून काम पाहतो. गेल्या जुलैमध्ये आमच्या शेजारच्या जुन्या इमारतीच्या जिन्याकडचा भाग मध्यरात्री कोसळला. त्यात एक गृहस्थ दगावले, चार जण जखमी झाले आणि इमारत रिकामी करून अठरा कुटुंबांना रेंटलच्या, म्हणजे भाडेतत्त्वावरील तात्पुरत्या, घरांत हलवण्यात आले. मुलांच्या शाळा आणि मोठ्यांची कामे इकडेच असल्यामुळे ही मंडळी रोज गल्लीत येतात, त्यामुळे त्यांची अवस्था आम्हाला जवळून दिसते.

एक आजी अजूनही कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवून झोपतात आणि सुनेने ती उचलून ठेवली की रात्रभर जाग्या राहतात. सहा वर्षांचा एक मुलगा ठोकळ्यांची इमारत रचतो, पाडतो आणि पुन्हा रचतो. पाऊस जोरात सुरू झाला की दोन-तीन घरांतील माणसे कारण नसताना खाली उतरून उभी राहतात. आमच्या मंडळाची जी मुले त्या रात्री ढिगारा उपसत होती, त्यांच्यापैकी एकाने मंडळात येणेच सोडले आहे.

येत्या जुलैमध्ये वर्ष पूर्ण होईल. त्या दिवशी सभागृहात सर्वांना एकत्र बसवावे, एखाद्या समुपदेशकाला बोलवावे आणि प्रत्येकाने त्या रात्री काय घडले ते मोकळेपणाने सांगावे, म्हणजे मन हलके होईल, असा प्रस्ताव समितीपुढे आहे. हेतू चांगला आहे, तरीही मला त्याबद्दल धाकधूक वाटते. आपले काय मत आहे?

मनोसामाजिक_कार्यकर्ती

आपली धाकधूक योग्य आहे. मी मनोविकार विभागात समाजसेविका म्हणून बरीच वर्षे काम केले आहे आणि सर्वांना ओळीने बसवून आघाताचा प्रसंग वदवून घेण्याच्या मी विरोधात आहे. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांच्याकडून अपघातानंतर लगेच एकाच बैठकीत सविस्तर हकीकत वदवून घेतली होती, त्यांच्यापैकी २६ टक्के लोकांना १३ महिन्यांनंतर आघातोत्तर ताणाचा विकार आढळला, तर ज्यांना तशा बैठकीला बसवले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण ९ टक्के होते. मुळात त्या बैठका ज्यांच्यासोबत झाल्या, ते अधिक गंभीररीत्या भाजलेले होते, ही बाब विसरता कामा नये. पण अशा बैठकीचा फायदा मात्र दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनाही अशा एकवेळच्या बैठकींची शिफारस करीत नाही. आपल्या प्रसंगाला वर्ष होत आले असल्यामुळे परिस्थिती तंतोतंत तीच नाही. तरीही ज्याला बोलायचे नाही त्याच्यावर चाळीस माणसांसमोर बोलण्याची वेळ आणणे हे, त्या रात्रीसारखेच, त्याच्या हातातून निर्णय काढून घेणे आहे.

आघाताची जाण ठेवून आधार देणे याचा माझ्या लेखी अर्थ एवढाच की ज्या माणसाचा स्वतःच्या घरावरचा आणि वेळेवरचा ताबा एका रात्रीत गेला, त्याला लहानसहान गोष्टींत तो परत मिळवून द्यायचा. बसायचे कुठे, बोलायचे किती, दार उघडे ठेवायचे की बंद, हे त्याला ठरवू द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली, तिची तीन सूत्रे आहेत: पाहा, ऐका आणि जोडून द्या. ती सामान्य स्वयंसेवकासाठीच लिहिलेली आहे. 'ऐका' याचा अर्थ खोदून विचारणे असा नाही. आणि 'जोडून द्या' याकडे आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, कारण त्यात फॉर्म भरणे, रांगेत सोबत उभे राहणे आणि दवाखान्याची वेळ घेणे अशी कंटाळवाणी कामे येतात.

आजींची पिशवी कृपया काढायला लावू नका. त्यांच्या दृष्टीने ती तयारी आहे, आणि कोसळणाऱ्या घरातून बाहेर पडलेल्या बाईने तयारी ठेवणे यात वेडेपणा नाही. पिशवीत कपडेच आहेत, की औषधे, टॉर्च आणि रेशनकार्डाची प्रतही आहे, एवढे त्यांच्यासोबत बसून पाहावे. त्या मुलाचा ठोकळ्यांचा खेळही थांबवू नये. मुले असे प्रसंग खेळातून उलगडत असतात. खेळ दिवसेंदिवस तसाच आक्रसत गेला, त्यात कोणी वाचतच नसेल, किंवा झोप, भूक आणि शाळा यांवर परिणाम झाला असेल, तर मात्र बालमानसतज्ज्ञाला दाखवावे.

वर्षभरानंतरही ज्यांना प्रसंग डोळ्यांसमोर दिसतो, जे काम किंवा घर सांभाळू शकत नाहीत, ज्यांचे मद्यपान वाढले आहे किंवा ज्यांच्या बोलण्यात मरणाचे विचार येतात, त्यांना तज्ज्ञाकडेच न्यायला हवे. आत्महत्येचा विषय निघाला तर दिवस मोजत बसू नये. टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. थोडे विषयांतर करते: १९०१ सालापासून असलेले प्रादेशिक मनोरुग्णालय आपल्याच शहरात आहे, पण 'ठाण्याला पाठवायला हवं' ही चेष्टा अख्ख्या महाराष्ट्राने इतकी वर्षे केली आहे की ठाणेकरालाच तिथल्या बाह्यरुग्ण विभागात जाण्याची सर्वाधिक लाज वाटते. म्हणून 'मानसिक उपचार' या शब्दांनी सुरुवात न करता 'झोप लागत नाही, त्यासाठी डॉक्टरांना विचारू' असे म्हटले तर माणूस येतो, असा माझा अनुभव आहे.

शिळफाटा_रहिवासी

मी मुंब्रा-शीळ भागात राहतो. ४ एप्रिल २०१३ रोजी आमच्या परिसरात बांधकाम चालू असतानाच सात मजल्यांची अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. त्यांत मजुरांची मुले बरीच होती. त्यानंतरच्या काही आठवड्यांत मी जे पाहिले त्यावरून दोनच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, मदतीचे फोटो काढू देऊ नका. धान्याचे पाकीट हातात धरून छायाचित्रासाठी उभे राहिलेल्या एका बाईंनी नंतर मदत घेणेच बंद केले. तसेच दर पावसाळ्यात गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर त्या रात्रीची चित्रफीत फिरते, ती थांबवणे सचिवाच्या हातात असते.

दुसरी गोष्ट ढिगारा उपसणाऱ्या मुलांची. आपत्ती दलाचे जवान प्रशिक्षित असतात, पण त्यांच्याआधी पोहोचतो तो शेजारी, आणि त्याच्या हाताला जे लागते ते त्याच्या स्वप्नात वर्षानुवर्षे येत राहते. त्याचा सत्कार झाला की लोकांना वाटते काम संपले. आपल्या मंडळातील त्या मुलाला सभेला बोलवू नका; ज्याच्यासोबत तो क्रिकेट खेळायचा त्याने त्याच्या घरी जावे, त्या रात्रीचा विषय न काढता जावे, आणि पुन्हा जावे.

कोपरखैरणे_१९

मी थोडा वेगळा सूर लावतो, त्याबद्दल क्षमस्व. वरचे सर्व मान्य आहे, परंतु ज्या कुटुंबाला आपण रेंटलच्या घरात सहा महिने आहोत की सहा वर्षे हे माहीत नाही, त्याची झोप समुपदेशनाने परत येणार नाही. मी स्वतः नवी मुंबईत एका धोकादायक ठरवलेल्या इमारतीतून बाहेर पडलो आहे. छत पडण्याच्या भीतीपेक्षा मला अधिक पोखरले ते एका कार्यालयातील 'पुढच्या आठवड्यात या' या उत्तराने, कारण तो पुढचा आठवडा दीड वर्ष आला नाही.

म्हणून समितीने महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, त्या अठरा कुटुंबांना एवढेच सांगावे: फाईल कुठे आहे, कोणाला भेटलो, काय उत्तर मिळाले. काहीच हालचाल नसेल तर काहीच हालचाल नाही असे सांगावे, परंतु दिवस चुकवू नये.

आणि स्वतःच्या इमारतीकडेही पाहावे. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे महापालिका कायद्यानुसार बंधनकारक आहे. तपासणीच्या वेळी खांबांवर हातोडीने ठोकतात. तो आवाज शेजारून अचानक आला तर काय होईल याची कल्पना करा आणि दोन दिवस आधी घरोघरी जाऊन सांगा. अहवालात 'सी-१' शेरा आला, म्हणजे इमारत अतिधोकादायक ठरली, तर नोटीस दारावर चिकटण्यापूर्वी लोकांना ती आपल्या तोंडून कळली पाहिजे.

मनोसामाजिक_कार्यकर्ती

कोपरखैरण्याच्या सदस्यांनी क्षमा मागण्याचे कारण नाही. अनिश्चितता हीच इथे जखम उघडी ठेवते आहे. एकच भर घालते. या कामासाठी नवे 'आधार केंद्र' काढण्याआधी भिशी, भजनी मंडळ आणि शाळेच्या रिक्षाचे जाळे पाहावे. अठरा घरांची भिशी स्थलांतरामुळे मोडली असेल, तर ती पुन्हा सुरू करणे मी कोणत्याही शिबिरापेक्षा वरचे मानते.

वागळेकर_सचिव

सर्वांचे आभार. रविवारी समितीची बैठक झाली आणि सभागृहातील कार्यक्रमाचा प्रस्ताव आम्ही मागे घेतला. त्या दिवशी दगावलेल्या गृहस्थांच्या घरच्यांची इच्छा असेल तरच आणि त्यांना हवे त्या पद्धतीने दिवा लावला जाईल. त्यांच्या थोरल्या मुलाला विचारले असता त्याने आठवडाभराची मुदत मागितली आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता फाईलची माहिती देण्याचे ठरले असून पहिल्या शनिवारी सांगण्यासारखे काहीही नाही, तेही सांगू.

भिशी खरोखरच मोडली होती, हे आम्हा पुरुष सदस्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. आजींच्या पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या नव्हत्या आणि टॉर्चचे सेल संपलेले होते. दोन्ही गोष्टी सुनेने आणून दिल्या. मंडळातील त्या मुलाकडे त्याचा मित्र दोनदा जाऊन आला. पहिल्यांदा त्याने दार उघडले नाही, दुसऱ्यांदा उघडले, आणि दोघे सामना पाहत बसले, एवढेच मित्राने सांगितले. त्याच्या झोपेबद्दल आताच विचारावे का, की आणखी थांबावे?

शिळफाटा_रहिवासी

मित्राला विचारू द्या, समितीने विचारू नये. तो रात्री किती वाजेपर्यंत ऑनलाइन असतो, हे मित्राला बहुधा आधीच माहीत असेल.